टीएसएच आधी ७.८, मग ५.१, आता ०.०८: नेमकं काय बिघडलंय?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक ताई, वय ३६. जुलैत डेंग्यू झाला, चार दिवस दवाखान्यात काढले. ऑगस्टमध्ये कंपनीच्या आरोग्य तपासणीत सकाळी साडेसातला रक्त दिलं, तेव्हा टीएसएच ७.८ आलं, फ्री टी-फोर १.१, म्हणजे व्यवस्थित. फॅमिली डॉक्टरांनी २५ मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी दिली. धीर निघेना म्हणून बाराव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये दुपारी चारला तपासलं, तर ५.१. सप्टेंबरअखेर केस ओंजळीने गळायला लागले म्हणून केसांच्या गोळ्या सुरू केल्या. आता नोव्हेंबरात टीएसएच ०.०८ आणि फ्री टी-फोर २.९. मैत्रीण म्हणाली, ‘ओव्हरडोस झाला तुला’, म्हणून आठ दिवसांपूर्वी थायरॉइडची गोळी बंद. वजन ६२ चं ६६ झालंय. आईलाही थायरॉइड आहे. ताई विचारतात: माझे हार्मोन्स पूर्ण बिघडलेत का, यातला खरा रिपोर्ट कुठला, आणि गोळी आता आयुष्यभर का?

ताई, तुम्ही तिन्ही रिपोर्ट एका रांगेत लावून त्यातून एक गोष्ट जुळवलीत. आधी थायरॉइड मंदावलं, मग गोळीने सुधारलं, मग गोळी जास्त होऊन उलट्या टोकाला गेलं. ऐकायला ती बरोबर वाटते. पण मी गेली चोवीस वर्षं अंतःस्रावी ग्रंथींचेच रुग्ण बघते आहे, आणि मला वाटतं की या गोष्टीतला एकही टप्पा तसा घडलेला नसावा. ‘वाटतं’ म्हणते, कारण मी तुमची नाडी धरलेली नाही आणि गळा चाचपलेला नाही. त्या दोन गोष्टींवर बरंच काही ठरतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी एक गैरसमज. टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. रिपोर्टवर ‘थायरॉइड प्रोफाइल’ छापलेलं असतं त्यामुळे सगळ्यांना वाटतं की टीएसएच म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, आणि ते वाढलं म्हणजे थायरॉइड वाढलं. टीएसएच येतं डोक्यातून. नाकाच्या मुळामागे, हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पिट्युटरी ग्रंथी असते. ती रक्तातून थायरॉइडला हाक मारते. ती हाक म्हणजे टीएसएच. गळ्यातली थायरॉइड त्या हाकेला ओ देते. तो ओ म्हणजे टी-फोर (म्हणजेच थायरॉक्सिन) आणि थोडं टी-थ्री. रिपोर्टवरचं ‘फ्री टी-फोर’ म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टी-फोर. ओ नीट ऐकू आला की पिट्युटरी आवाज खाली आणते. ओ क्षीण आला की ती आणखी मोठ्याने हाक मारते. पिट्युटरीच्या वर मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो पिट्युटरीला सांगतं हाक मारत राहा म्हणून. घरात आजी आईला सांगते, आई मुलाला हाका मारते, तसंच काहीसं.

त्यामुळे टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड कमी, आणि टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड जास्त. उलटं वाटतं, पण हाक आणि ओ धरून वाचलं की उलटं राहत नाही. माझ्या ओपीडीत रोज कुणीतरी सांगतं, ‘मॅडम, माझं थायरॉइड वाढलंय’, आणि मी विचारते, ‘हाक वाढलीय की ओ?’ नेहमीचे पेशंट आता हसून नीट उत्तर देतात.

ही पिट्युटरी कानाची फार तिखट आहे. रक्तातलं टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच ढोबळमानाने शंभरपटीपर्यंत चढू शकतं. म्हणजे टी-फोरमधला किरकोळ फरकही, जो त्याच्या स्वतःच्या आकड्यात दिसणारसुद्धा नाही, टीएसएचमध्ये ठळक दिसतो. म्हणून तर आम्ही पहिली तपासणी टीएसएचची करतो. पण याच तिखटपणामुळे ते थोड्याथोडक्या कारणाने हलतंही. ७.८ हा आकडा घाबरण्यासारखा दिसतो, कारण शेजारी ‘०.४ ते ४’ असं छापलेलं असतं आणि लॅबवाला तो ठळक अक्षरात देतो. तुमचं टी-फोर तेव्हा १.१ होतं, म्हणजे ओ अगदी खणखणीत होता.

आता एकेक रिपोर्ट घेऊ.

पहिला, ऑगस्टचा. मोठ्या तापातून माणूस उठत असतो तेव्हा टीएसएच काही आठवडे वर जाऊ शकतं. आजारपणात शरीर आपणहून हार्मोनचा खर्च कमी करतं, हाकही दबते. बरं होताना पिट्युटरी जरा जास्तच जोरात हाका मारते आणि मग निवळते. म्हणून दवाखान्यातून आलेल्या माणसाचं थायरॉइड, तसंच कारण असल्याशिवाय, लगेच तपासू नये असा आमच्याकडे दंडक आहे. कंपनीच्या तपासणीची तारीख अर्थातच तुमच्या डेंग्यूला विचारून ठरली नव्हती.

दुसरा, ५.१ चा. तुम्हाला वाटलं गोळी लागू पडली. टीएसएच दिवसभर एकसारखं नसतं. उत्तररात्री सगळ्यात जास्त, मग उतरत उतरत दुपारी सगळ्यात कमी. सकाळी साडेसात आणि दुपारी चार यांची तुलनाच होत नाही, त्यात लॅब वेगळी. एकाच निरोगी माणसात, एकाच वेळेला रक्त काढलं तरी टीएसएच ४० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. ७.८ चं ५.१ होणं हा ३५ टक्क्यांचा फरक. गोळी घेतली नसती तरी एवढा दिसला असता.

आणि बारा दिवसांत गोळीचा निकाल लागतही नाही. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला सात दिवस लागतात. रोज एक गोळी घ्यायला लागलं की पातळी हळूहळू चढत जाऊन साधारण पाच आठवड्यांनी स्थिर होते. बाराव्या दिवशी ती कशीबशी दोन-तृतीयांशावर आलेली असते. वर पिट्युटरीला आपला आवाज बदलायला आणखी वेळ लागतो. म्हणून आम्ही सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच परत करू नका म्हणतो. लोकांना वाटतं डॉक्टर टाळतायत. भात अर्धा शिजलेला असताना दर मिनिटाला झाकण काढून शीत दाबून बघण्यातला तो प्रकार आहे.

तिसरा रिपोर्ट सगळ्यात रंजक, आणि त्याच्यासाठीच मी हे एवढं लिहायला बसले. टीएसएच ०.०८, टी-फोर २.९. कागदावर हे जोरदार हायपरथायरॉइड आहे, म्हणजे थायरॉइडचं काम अति. मैत्रीण म्हणाली ओव्हरडोस. जरा हिशेब करू. ज्याचं थायरॉइड पूर्ण काढून टाकलंय अशा माणसाला दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागतं. तुमच्या ६२ किलोला ते शंभरच्या आसपास होतं. तुम्ही घेत होतात २५. पूर्ण गरजेचा चौथा हिस्सा. तेवढ्याने टी-फोर २.९ वर जाणं मला पटत नाही. शिवाय जास्तीचं थायरॉक्सिन अंगात असतं तर वजन चार किलो वाढण्याऐवजी उतरायला लागलं असतं, छाती धडधडली असती, नोव्हेंबरच्या थंडीत पंखा लावावासा वाटला असता. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

मग माझं लक्ष गेलं तुमच्या केसांच्या गोळ्यांकडे. त्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात बघा, बायोटिन किती आहे. बहुतेक १० मिलिग्रॅम असेल. माणसाला दिवसाला बायोटिन लागतं ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका गोळीत गरजेच्या तीनशेपटींहून जास्त. शरीराला त्याचा सहसा त्रास होत नाही. त्रास होतो लॅबमधल्या यंत्राला.

कसा, ते सांगते, कारण हे कळलं की रिपोर्टची भीती बरीच जाते. बऱ्याच यंत्रांमध्ये बायोटिन हे हुकासारखं वापरतात. रक्तातलं टीएसएच दोन प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) मध्ये पकडायचं, त्यातल्या एकाला आधीच बायोटिन जोडलेलं असतं, आणि त्या बायोटिनच्या हुकाने सगळं एका पृष्ठभागावरच्या खुंट्यांना अडकवायचं. जेवढं अडकलं तेवढा प्रकाश, जेवढा प्रकाश तेवढं टीएसएच. आता तुमच्या रक्तातच ढीगभर बायोटिन पोहत असेल तर सगळ्या खुंट्या तेच बळकावतं. टीएसएचला अडकायला जागा राहत नाही, प्रकाश कमी पडतो, आणि यंत्र म्हणतं, टीएसएच फारच कमी. टी-फोरची तपासणी उलट्या पद्धतीने चालते: तिथे प्रकाश कमी म्हणजे हार्मोन जास्त असं वाचलं जातं. त्यामुळे त्याच एका गोळीने टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं. पिट्युटरीने नेहमीसारखी हाक मारली, थायरॉइडने नेहमीसारखा ओ दिला. ऐकणाऱ्याच्या कानात बोळे होते.

अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ साली याबद्दल जाहीर इशाराही दिला होता. सगळीच यंत्रं फसतात असं नाही, अनेक कंपन्यांनी आता पद्धत सुधारली आहे. तुमची लॅब कुठलं यंत्र वापरते त्यावर हे अवलंबून आहे. लॅबला फोन करून ‘बायोटिनचा अडथळा येतो का’ एवढं विचारा, नीट लॅब असेल तर सांगतात.

मी स्वतः यात फसलेली आहे. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका आल्या होत्या. टीएसएच जवळजवळ शून्य, टी-फोर चढलेलं, आणि वर ग्रेव्ह्जच्या आजारात (ज्यात शरीर स्वतःच थायरॉइडला अति चालवतं) सापडणारी अँटिबॉडीसुद्धा पॉझिटिव्ह (बायोटिन तीही खोटी दाखवू शकतं). कागदावर पुस्तकातलं उदाहरण. पण त्या समोर शांत बसल्या होत्या. मी हात पुढे करायला सांगून पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. थायरॉइड वाढलेल्या माणसाच्या हातावर तो कागद थरथरतो, दुरूनही दिसतं. त्यांच्या हातावर तो टेबलावर ठेवल्यासारखा पडून राहिला. नाडी ६८. तरी मी कागदावरच्या छापील आकड्यांवर विश्वास ठेवला, त्यांना स्कॅनला पाठवलं. स्कॅन पूर्ण नॉर्मल आल्यावर मी चक्रावले, आणि तेव्हा कुठे विचारलं, ‘बाई, आणखी काही गोळ्या चालू आहेत का?’ ‘औषध नाही हो काही, फक्त केसांसाठी विटामिन.’ तेव्हापासून माझ्या केसपेपरवर ‘औषधं’ या रकान्याखाली ‘केस, नखं, त्वचा, ताकद यांच्या गोळ्या’ असा वेगळा रकाना आहे. ‘औषधं कोणती’ विचारलं तर या गोळ्या कुणी सांगतच नाही.

तरीही एक सावधगिरी. क्वचित, तापानंतर थायरॉइडला खरोखरच सूज येते, गळा समोरून दुखतो, गिळताना कानापर्यंत कळ जाते, आणि साठवलेलं हार्मोन रक्तात सांडून टी-फोर खरंच चढतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात तर न दुखता असं होतं. गेल्या वर्षभरात तुमचं बाळंतपण झालंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असं काही असेल, किंवा धडधड, हाताला कंप, घाम, झपाट्याने वजन उतरणं यातलं काही असेल तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा.

केस गळण्याचंही बोलू. तुम्ही ते थायरॉइडच्या खात्यात टाकलंत. जुलैत ताप, सप्टेंबरअखेर केस. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचा मोठा हिस्सा एकदम विश्रांतीत जातो आणि गळतो. घरोघरी डेंग्यू होतो त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे ‘केसांसाठी थायरॉइड तपासा’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. हे गळणं बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) मात्र बघून घ्या. आपल्याकडच्या बायकांत लोह कमी असणं हे टीएसएच वाढण्यापेक्षा कितीतरी नेहमीचं आहे, आणि त्यानेही केस गळतात, थकवा येतो.

चार किलोंचं म्हणाल, तर थायरॉइड पूर्ण आटलेलं असतानासुद्धा त्याच्यामुळे वाढणारं वजन सहसा थोडकं असतं, आणि तेही बरंचसं मीठ-पाण्याचं. टी-फोर १.१ असताना चार किलो थायरॉइडच्या नावावर घालता येणार नाहीत. आजारपणात सक्तीची विश्रांती, ताकद यावी म्हणून खाऊ घातलेले लाडू, मग गणपती, मग दिवाळी. रागावू नका.

इथवरचा धागा एवढाच: पहिला आकडा बहुधा तापानंतरचा, दुसरा वेळेच्या फरकाचा, तिसरा बहुधा केसांच्या गोळीचा.

आता तुमचा पहिला प्रश्न: ‘हार्मोन्स पूर्ण बिघडलेत का?’ हा शब्दप्रयोग मला रोज ऐकू येतो आणि दर वेळी मी थोडी अडते. हार्मोन्स म्हणजे काही एका डब्यात ठेवलेला मसाला नाही, सगळा एकदम नासायला. १९०५ साली लंडनमधल्या व्याख्यानात अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी हा शब्द पहिल्यांदा वापरला, तो ‘चालना देणारं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपला ‘संप्रेरक’ तोच अर्थ सांगतो. प्रत्येक ग्रंथीचं चालना देणं वेगळं आणि तिला आवरणारा वेगळा. थायरॉइडला पिट्युटरी आवरते. इन्सुलिनला पिट्युटरी विचारत नाही. स्वादुपिंड थेट रक्तातल्या साखरेकडे बघून ते सोडतं. थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवतात, त्यांना बाकी कुणाशी देणंघेणं नसतं. पाळीच्या हार्मोन्समध्ये तर महिन्यात एकदा ओ ऐकून हाक कमी होण्याऐवजी उलट एकदम वाढते, आणि त्या उसळीनेच बीज सुटतं. म्हणून ‘संपूर्ण हार्मोन प्रोफाइल’ नावाची तीन-चार हजारांची पॅकेजेस लोक करून आणतात तेव्हा मला त्यात काय वाचावं हा प्रश्न पडतो. पाळीच्या कुठल्या दिवशी रक्त काढलं, सकाळी की संध्याकाळी, काहीच लिहिलेलं नसतं.

कॉर्टिसॉलचंच बघा. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या, प्रत्येकी चार-पाच ग्रॅमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ते बनवतात. पहाटे चढायला लागतं, सकाळी आठच्या सुमाराला शिखरावर असतं, मध्यरात्री तळाला. सकाळी १५ आलं तर छान, मध्यरात्री १५ आलं तर मला झोप लागणार नाही. आकडा तोच.

आणि इथे हाक-ओ ची आणखी एक तऱ्हा दिसते. आमच्या भागात सांधेदुखीवर काळ्या-पांढऱ्या पुड्या मिळतात, त्यात पुष्कळदा स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलचंच काम करणारं औषध, मिसळलेलं असतं. माणूस वर्षभर पुडी घेतो, गुडघे पळायला लागतात, चेहरा गोल होतो. पिट्युटरीला वाटतं ओ तर मिळतोय भरपूर. ती अ‍ॅड्रिनलला हाक मारणं सोडून देते आणि काम नसलेली ग्रंथी सुकत जाते. मग एक दिवस पुडीवाला गावी जातो, पुडी थांबते, आणि हा माणूस ओकाऱ्या, चक्कर, रक्तदाब ७० अशा अवस्थेत दाखल होतो. हाक मारणारा झोपलाय, ओ देणारा वाळलाय. म्हणून स्टेरॉइड कधी एकदम बंद करायचं नसतं. तुमची थायरॉइडची गोळी तुम्ही एकदम बंद केलीत त्याने मात्र असं काही होत नाही. तिचा सात दिवसांचा हिशेब तुम्हाला सांभाळून घेतो.

केवळ टीएसएचवर का विसंबायचं नाही, ते मला एका बाईने शिकवलं. डोंगरातल्या एका वाडीवरून तिला बेशुद्धीच्या काठावर आणलं होतं. वय अडतीस, दिसायला पंचावन्न. नवऱ्याच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चार वर्षांचे रिपोर्ट: टीएसएच २.१, १.८, २.६. प्रत्येकावर ‘नॉर्मल’ असं पेनने लिहिलेलं. रक्तातलं सोडियम ११२, म्हणजे फारच कमी. कातडी जुन्या वहीच्या कागदासारखी फिकट, पातळ, सुरकुतलेली. मी तिच्या टाचेच्या मागच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल पुढे आलं आणि मग जागेवर परत जायला इतका वेळ लागला की शेजारची नर्सही वाकून बघायला लागली. थायरॉइड आटल्याची ही खूण कुठल्याही रिपोर्टइतकीच पक्की. आणि टीएसएच म्हणे नॉर्मल.

तिच्या सासूला विचारलं, शेवटचं बाळंतपण कसं झालं? अकरा वर्षांपूर्वी, घरीच. ‘लई अंगावरनं गेलं बघा. तीन लुगडी भिजली.’ दूध आलं का? ‘थेंबबी न्हाई. शेजारणीनं पाजलं.’ पाळी? परत आलीच नव्हती. गरोदरपणात पिट्युटरी फुगलेली असते, तिला रक्त जास्त लागतं. अशा वेळी रक्तस्रावाने रक्तदाब कोसळला तर ती आतल्या आत मरते. शीहान सिंड्रोम म्हणतात याला. या बाईची हाक मारणारीच गप्प झाली होती. थायरॉइड धडधाकट, पण हाकच नाही तर ओ कशाला देईल? टी-फोर ०.३ असताना टीएसएच चढायला हवं होतं आभाळाला. ते २ वर राहिलं, हाच खरा आजार होता. चार वर्षांत टी-फोर एकदाही तपासलं गेलं नव्हतं. आम्ही आधी कॉर्टिसॉल भरून काढलं, थायरॉक्सिन नंतर काही दिवसांनी. क्रम उलटा झाला तर असा पेशंट दगावू शकतो. दोन महिन्यांनी ती चालत आली, भुईमुगाच्या शेंगा घेऊन. म्हणाली, ‘बाई, आता उन्हात बसावं लागत न्हाई.’

तुमच्यात असं काही नाही, घाबरू नका. तुमची पिट्युटरी ७.८ ची हाक मारू शकली, म्हणजे ती ठणठणीत आहे. सांगायचं कारण एवढंच की पुढच्या वेळी टीएसएच आणि फ्री टी-फोर दोन्ही करा.

आता ‘आयुष्यभर का?’ हे खरंच परिस्थितीवर आहे. टीएसएच १० च्या वर राहत असेल, किंवा टी-फोर कमी असेल, तर गोळी द्यावी यावर फारसा वाद नाही. ४ ते १० च्या मधल्या पट्ट्यात मी तीन गोष्टी बघते. एक, अँटी-टीपीओ अँटिबॉडी. ती पॉझिटिव्ह असेल तर शरीर स्वतःच थायरॉइडला हळूहळू कुरतडतंय. तुमच्या आईला आहे म्हणजे तुमच्यात ती शक्यता जास्त. दोन, दिवस राहिलेत का किंवा तसा विचार आहे का. पहिले तीन महिने बाळ पूर्णपणे आईच्या थायरॉइड हार्मोनवर असतं, त्यामुळे तिथे मी फार लवकर गोळी सुरू करते, आणि आधीपासून गोळी असेल तर दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर डोस वाढवावा लागतो. तीन, वय. ६५ च्या पुढच्या ७३७ जणांवरच्या युरोपातल्या ट्रस्ट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. थोडं वाढलेलं टीएसएच गोळीने खाली आलं, पण थकवा आणि इतर लक्षणांत काही फरक पडला नाही. माझी आई ७९ वर्षांची आहे, तिचं टीएसएच ६.४ असतं. तिला मी गोळी देत नाही, आणि ती मला अधूनमधून ऐकवते की शेजारच्या काकूंचे डॉक्टर तरी देतात.

यातलं काहीच नसेल तर बऱ्याच जणांचं टीएसएच काही महिन्यांत आपोआप खाली येतं. गोळी लागलीच, तरी तिची सवय लागते म्हणून घाबरू नका. बाटलीतला रेणू हा थायरॉइड बनवतं तोच आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी थायरॉइड आटलेल्या ४६ वर्षांच्या बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. त्या त्याच्या आधारावर आणखी २८ वर्षं जगल्या.

मिठाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येतो म्हणून. आयोडीन हा थायरॉइडचा कच्चा माल. तो नसेल तर ओ देता येत नाही, हाका वाढत जातात, आणि हाका ऐकून ऐकून ग्रंथी फुगते: तोच गलगंड. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे भाग पाडून कुठे आयोडीनयुक्त, कुठे साधं मीठ दिलं. आयोडीनच्या भागात गलगंड घटले, आणि त्यावरून १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. तेव्हा थायरॉइडसाठी म्हणून ‘सैंधवच खाते’ असं कुणी सांगितलं की मला हा इतिहास सांगावासा वाटतो. सैंधव चवीला ठेवा, रोजच्या आमटीत आयोडीनचं मीठ घाला. त्याच्यावर आयोडीनचे थेंब वगैरे वेगळे नकोत, जास्त आयोडीननेही थायरॉइड रुसतं.

तुम्ही आता काय करायचं ते सांगते. केसांच्या गोळ्या आजपासून बंद. दोन-तीन दिवसांत बायोटिन उतरतं, तरी मी आठवडाभर थांबायला सांगते. मग सकाळी आठच्या सुमाराला टीएसएच, फ्री टी-फोर आणि अँटी-टीपीओ करा, शक्यतो ऑगस्टच्याच लॅबमध्ये, आणि यापुढे दर वेळी तीच लॅब, तीच वेळ. थायरॉइडची गोळी तोवर परत सुरू करू नका. हा रिपोर्ट हायपर आहे की नाही एवढंच सांगेल. गोळी सुटल्यानंतर सहा आठवड्यांनी, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला, पुन्हा एकदा करा. तुमचं स्वतःचं थायरॉइड बिनमदतीचं काय करतंय ते त्या आकड्यात दिसेल, आणि गोळीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर तेव्हाच. दिवस राहायची शक्यता असेल तर मात्र जानेवारीची वाट बघू नका.

गोळी परत सुरू झालीच तर उठल्याबरोबर, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांशी तिचं चार तासांचं वाकडं आहे. बाटली गॅसच्या ओट्याजवळच्या फडताळात ठेवू नका, उष्णतेने आणि दमटपणाने तिचा जोर जातो. आणि डब्यात भरून ठेवायची सवय असेल तर आठवड्यापुरत्याच काढा.

डॉक्टरांकडे जाताना तिन्ही रिपोर्ट न्या, त्यावर रक्त काढल्याची वेळ पेनने लिहा. आणि ते केसांच्या गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकायला विसरू नका, रिकामं असलं तरी.